तुळसाआतेचे डोळे आणि माझा तुलनात्मक तक्ता

कॅमेऱ्यातलं मला कळतं. फुशारकी मारत नाहीये, जे आहे ते सांगतोय! रत्नागिरीत मांडवीपासून आमच्या कॉलनीपर्यंत कुणालाही विचारा, "छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊ?" समोरचा डोळे झाकून सांगेल, "दीपकला विचार." आता गेल्या बारा वर्षांत कुणी विचारायला आलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. हल्ली सगळ्यांच्या खिशात मोबाईल असतो, त्याला मी काय करणार?

मी एका सरकारी कार्यालयात भांडार विभागात लिपिक आहे. चोवीस वर्षं एकच काम करतोय, तुलनात्मक तक्ता! खुर्च्या घ्यायच्या असोत नाहीतर फिनेल, तीन ठिकाणची माहिती मागवायची, उभ्याआडव्या रेघा मारायच्या, गुण लिहायचे, दोष लिहायचे, शंभरपैकी मार्क द्यायचे आणि खाली सही ठोकायची. हात इतका बसलाय की घरीसुद्धा तक्त्याशिवाय वस्तू येत नाही. मिक्सर तक्त्याने आला, पंखा तक्त्याने आला, सिंक तुंबल्यावर नळवालासुद्धा तक्त्याने आला. (तोवर स्वयंपाकघरात घोटाभर पाणी झालं होतं.) "काय हो, लग्नाच्या वेळी माझाही तक्ता केला होतात काय?" असं शमिकाने, म्हणजे माझ्या बायकोने, एकदा विचारलं. केला होता. पण मी विषय बदलला.

तर यंदा शिमग्याच्या आधी सदूचा मुंबईहून फोन आला. सदू म्हणजे माझा आतेभाऊ, तुळसाआतेचा मुलगा.

"दीपक, आयेच्या फोटोचं काहीतरी कर रे बाबा! ती रिकामी फ्रेम बघवत नाही."

ही फ्रेमची भानगड काय ते सांगतो. तुळसाआते अठ्ठ्याहत्तर वर्षांची. रत्नागिरीपासून तासाभरावर, आतल्या अंगाला आमचं गाव, तिथे एकटी राहते. पडवीतल्या भिंतीवर रावजीमामांचा, म्हणजे तिच्या यजमानांचा फोटो आहे, हार घातलेला. मामांना जाऊन तेरा वर्षं झाली. त्या फोटोच्या शेजारी, तंतोतंत त्याच मापाची, दुसरी फ्रेम टांगलेली आहे. रिकामी! ती आतेने सदूकडून स्वतःच मागवून घेतली. "मी गेल्याव तुमची धावपळ नुको," म्हणाली. रोज सकाळी दोन्ही फ्रेमा फडक्याने पुसते, एक भरलेली, एक रिकामी.

आता फ्रेमीत घालायला फोटो का नाही? फोटो ढीगभर आहेत! पण एकूण एक फोटोत आतेचे डोळे मिटलेले. तिच्या लग्नात फोटोग्राफरच्या फ्लॅशचा बल्ब फट्‌कन फुटला, नवरीने डोळे गच्च मिटले आणि तेव्हापासून समोर कॅमेरा आला की पापण्या आपोआप खाली! रेशनकार्डावर मिटलेले, मतदार ओळखपत्रावर मिटलेले. आधारकार्डवाल्याने बुबुळांचं स्कॅनिंग केलं ते एका फटक्यात झालं. मग तो म्हणाला, "आजी, आता फोटो, इकडे बघा," आणि झालं! अकरा वेळा प्रयत्न केला बिचाऱ्याने. शेवटी आतेच त्याला म्हणाली, "मेल्या, तुजं यंतर बंद कर. मना भात टाकायचाय."

मागच्या गणपतीत सदूने मोबाईलवर फोटो काढला. त्या मोबाईलने स्वतःच्या अकलेने आतेच्या सुरकुत्या पुसल्या, गाल गुलाबी केले, ओठाला लाली लावली. डोळे मात्र मिटलेले ते मिटलेलेच! आतेने फोटो बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला आणि विचारलं, "ही कोन रं सदू? तुज्या बापानं दुसरी केलीवती काय?"

आम्ही पोट धरधरून हसलो. आते हसली नाही. मी निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "दीपक, मेल्याव डोळं मिटायचंच हाईत रं. भिंतीव तरी उगडं ऱ्हावंत. घरात कोन येतंय, कोन जातंय, मना दिसाय नको?"

मला खरंच भरून आलं. याच आतेच्या घरी राहून मी दहावी झालो. माझ्या डब्याला तांदळाची भाकरी थापताना तिने कधी कंटाळा केला नाही. मी सदूला फोनवर शब्द दिला, "शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा आतेचा फोटो निघणार. डोळे उघडे, टकटकीत! काम कुणी हातात घेतलंय ते लक्षात ठेव."

वर्षातून एकदाच ग्रामदेवतेची पालखी घरी येते, अर्धा-पाऊण तास अंगणात बसते, आणि तेवढा वेळ आतेच्या तोंडावर जे तेज असतं ते एरवी नसतं. फोटो काढायचा तर तोच! पण कुठल्या कॅमेऱ्याने? लगेच तक्त्याचा कागद घेतला.

तीन छोटे कॅमेरे जमवले. पहिला लाल. हा माझी मेव्हणी दीपाली हिचा. कॉलेजातल्या पोरींमध्ये म्हणे जुने छोटे कॅमेरे पुन्हा फॅशनीत आलेत, म्हणून तिने वापरलेला घेतला होता. सपाट, देखणा, ओंजळीत मावेल एवढा. त्याचा मोठा गुण असा की समोरचा माणूस हसला की बटण न दाबता तो आपला आपण फोटो काढतो! शिवाय कुणाचे डोळे मिटले तर पडद्यावर तक्रार करतो. दोष: बॅटरी लवकर संपते आणि स्वभाव भोचक.

दुसरा काळा. आमच्या ऑफिसातला भागोजी जेट्टीवर जाऊन समुद्रपक्ष्यांचे फोटो काढतो, त्याचा. हा तसा छोटाच, पण झूम केला की नळी बाहेर येत राहते, येत राहते, थांबतच नाही. गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगमधल्या कॅलेंडरावरची चतुर्थी मला स्वच्छ वाचता आली. दोष: इतक्या लांबून बघताना हात केसभर हलला तरी माणूस चौकटीतून गायब.

तिसरा रुपेरी, माझा स्वतःचा, आमच्या लग्नानंतर दोन वर्षांनी घेतलेला. गुण: साधे पेन्सिल सेल चालतात, कुठल्याही टपरीवर मिळतात. दोष लिहायला जागा पुरेना. सेल काढले की तारीख विसरतो. फ्लॅश मनात आला तर उडवतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बटण दाबल्यावर हा दीड सेकंद विचार करतो आणि मग फोटो काढतो! खात्री करायला मी कंपाउंडवरच्या कावळ्याचा फोटो काढला. कावळा ऐटीत बसलेला असताना बटण दाबलं. फोटोत नुसती भिंत आली. पाच वेळा काढला, पाच भिंती आल्या.

मार्क दिले. लाल एक्क्याण्णव, काळा अठ्ठ्याऐंशी, रुपेरी एकतीस. त्यातले दहा जुन्या ओळखीचे. खाली सही ठोकली आणि शमिकाला तक्ता वाचून दाखवला. ती ऐकता ऐकता हसायला लागली आणि समोर ठेवलेल्या लाल कॅमेऱ्याने तिचे तेवीस फोटो काढले.

"बघितलंस?" मी टेबलावर थाप मारली. "आतेला काही सांगायचंच नाही! ना रेडी, ना इकडे बघा. पालखी आली की आते हसणार, हा आपला आपण काढणार. मिटायला तिला सवडच नाही!"

शमिकाने तक्ता हातात घेऊन पुन्हा सगळा वाचला. विशेषतः दोषांचा रकाना. मग म्हणाली, "तो रुपेरीपण घेऊया."

"कशाला? एकतीस मार्कांचा तो! आणि त्यातले सेल मी कधीच काढून स्वयंपाकघरातल्या घड्याळाला घातलेत."

"असू दे. राखीव," असं म्हणून तिने तो पर्समध्ये टाकला. बायकांना पर्समध्ये काहीही लागतं, म्हणून मी वाद घातला नाही.

शिमग्याला गावी पोचलो. सदूही मुंबईहून आला होता. सकाळी दहाचा सुमार. अंगण शेणाने सारवलेलं, दारात रांगोळी, आते हिरव्या नऊवारीत, नाकात नथ. मला बघून म्हणाली, "दीपक, व्हईल ना रं आज?"

"आते, फोटो झाला असं समज!" मी म्हणालो.

लाल कॅमेरा तिपाईवर चढवून तुळशीच्या बाजूला उभा केला, रोख थेट दारातल्या आतेवर. हसू पकडायचं बटण चालू केलं, फ्लॅश बंद केला. म्हणजे बंद केला असं मला वाटलं. तेवढ्यात ढोल वाजायला लागले आणि पालखी अंगणात शिरली! पाटावर देव बसले, आतेच्या आजूबाजूला आणि मागे चाळीसेक माणसं हात जोडून उभी राहिली. गर्दीत मी ढकलत ढकलत पालखीच्या पलीकडल्या बाजूला पोचलो आणि तिथेच अडकलो, कारण रामाभाऊ गावकरांनी गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर घरच्यांसाठी मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी एका आवाजात होकार द्यायचा. ते चालू असताना देवाच्या आडवं कुणी जात नाही. मंत्री आला तरी नाही!

"बा म्हाराजा!" रामाभाऊंनी खणखणीत आवाज लावला. "आज तू तुज्या लेकीच्या, या तुळसाच्या दारात आलायस..."

"व्हय म्हाराजा!" चाळीस माणसं ओरडली.

लख्ख! तिपाईवरून फ्लॅश उडाला. आतेचे डोळे गप्पकन मिटले.

सगळा प्रकार एका क्षणात माझ्या ध्यानात आला. 'व्हय' म्हणताना माणसाची बत्तिशी बाहेर येते. कॅमेऱ्याला काय कळतंय गाऱ्हाणं? त्याला वाटलं चाळीस माणसं एकदम हसली!

"तिच्या सदूला मुंबैत सुखाचा ठेव..."

"व्हय म्हाराजा!"

लख्ख! दोघा-तिघांनी आभाळाकडे बघितलं. आतेच्या पापण्या पुन्हा बंद.

"तिच्या कलमांना मोहोर धरू दे..."

"व्हय म्हाराजा!"

लख्ख! लख्ख! आता तर तो एकामागे एक दोन-दोन काढायला लागला. मी पलीकडून शमिकाला खुणा केल्या, बंद कर, बंद कर! ती दोन्ही हात जोडून उभी होती, तिने मला डोळ्यांनीच सांगितलं की मीही आडवी जाऊ शकत नाही. आते प्रत्येक होकाराला डोळे मिटत होती, लोकांना वाटत होतं म्हातारी भक्तीने मिटतेय. एक काकी तर पदराने डोळे पुसायला लागली.

रामाभाऊ मात्र जुने जाणते. त्यांनी एक डोळा माझ्या तिपाईवर ठेवून गाऱ्हाण्यातच घातलं, "आणि बा म्हाराजा! ह्या दीपकच्या तिपायीव जी काय बाधा येऊन बसली आसंल, ती आल्या वाटंनं माघारी धाड!"

"व्हय म्हाराजा!"

लख्ख!

मग मात्र कुणाला हसू आवरेना. समोरची रांग खिदळली. लख्ख! मागची खिदळली. लख्ख, लख्ख! माणसं जितकी हसत तितका तो उडे, आणि तो जितका उडे तितकी माणसं हसत. ढोलवाला ढोलावर आडवा पडला. रामाभाऊ स्वतः गालातल्या गालात हसले, तर त्यांचाही एक काढला मेल्याने! आणि अचानक तिपाईवरून एक केविलवाणी पीं ऐकू आली, नळी आत गेली आणि लाल कॅमेरा थंड झाला. बॅटरी संपली.

"गेली बाधा!" कुणीतरी म्हणालं, आणि खरं सांगतो, चार माणसांनी पालखीला पुन्हा नमस्कार केला.

एक्क्याण्णव मार्क पाण्यात गेले. पण मी खचणाऱ्यातला नाही! बायका ओटी भरायला पुढे झाल्या, आते पालखीजवळच बसली. म्हणजे अजून पंधरा मिनिटं हातात होती. मी काळा कॅमेरा गळ्यात घातला आणि हळूच मागच्या बाजूने सटकलो. बेत साधा होता. आतेला कॅमेरा दिसलाच नाही तर ती डोळे मिटेल कशाला? अंगणापासून पन्नास पावलांवर चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण आहे. त्याच्या मागे, काजूच्या झाडाखाली मी पालथा पडलो आणि झूम सोडला.

घर्र करत नळी बाहेर निघाली. पडद्यावर आधी आतेच्या शेजारणीचा अंबाडा आला. मग नारळ. मग पालखीच्या दांड्याचा गोंडा. मी श्वास रोखला, केसभर सरकलो. नथ आली! आणखी केसभर सरकलो आणि पडद्यावर डोळा आला. तुळसाआतेचा डोळा! उघडा! पापणीचा केस न् केस मोजावा इतका स्पष्ट, आणि त्यात देवाच्या मुकुटाचा पिवळा ठिपका चमकत होता. मी बटण दाबलं.

"उघडा आहे!" मी आनंदाने ओरडलो. "उघडा आहे!"

ओरडायला नको होतं. पालखीबरोबर शिमग्याच्या सोंगातला संकासूर होता. काळी कफनी, तोंडावर मुखवटा, डोक्यावर उंच काळी टोपी, कमरेला घुंगरं आणि हातात दोरीचा आसूड. संकासूर बोलत नसतो, नुसता मागे लागतो. त्याने बघितलं, गडग्याआड एक इसम पालथा पडून बायकांच्या घोळक्यावर नळी रोखून बसलाय आणि 'उघडा, उघडा' म्हणून ओरडतोय! छुम छुम छुम करत तो माझ्या अंगावर आला.

"अरे, मी दीपक! तुळसाआतेचा भाचा!"

संकासुराने आसूड फिरवला. माझ्या पायाशी फाट्‌कन आवाज झाला.

"भांडार विभाग!" मी ओरडलो. का ओरडलो ते माहीत नाही. ऑफिसात याने माणसं थांबतात.

संकासूर थांबला नाही. मी काजूच्या खालून निसटलो, गडग्यावरून उडी मारली, पेंढ्याच्या उडवीला दोन वेढे घातले. मागे घुंगरं, त्यामागे गावातली कुत्री, आणि पुढे मी, छप्पन्न इंचाची कंबर सावरत! तिसऱ्या वेढ्याला पाय घसरला आणि मी गोठ्यामागच्या शेणाच्या खड्ड्यात मांडीपर्यंत गेलो. पण कॅमेरा मी दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता! भागोजीचा कॅमेरा होता, त्याला शेणाचा एक शिंतोडा लागू दिला नाही. तोंडावर उडालं ते उडालं.

संकासुराने वाकून माझ्याकडे बघितलं, आपला मुखवटा वर केला आणि न बोलण्याचा नेम मोडला. आत आमच्या वाडीतला बाळा होता. "अरे दीपकदादा, तू काय? आधी सांगायचंस ना!"

तशाच अवतारात मी अंगणात गेलो. आतेसमोर कॅमेरा धरला. "आते, बघ! उघडा!"

आतेने बघितलं. सदूने बघितलं. रामाभाऊही मान लांब करून बघायला लागले.

"दुसरा कुटं हाय?" आतेने विचारलं.

"काय दुसरा?"

"डोळा."

"तो... तो मावला नाही."

"जल्लं मेलं लक्षण!" आते म्हणाली. "भिंतीव येकच डोळा टांगू काय? येनारंजानारं भिऊन मरतील."

इतक्यात ढोल पुन्हा घुमायला लागला. ओट्या भरून झाल्या होत्या. भोयांनी पालखीला खांदे दिले. आता देव पुढच्या घरी निघाले की पुढच्या शिमग्यापर्यंत काही नाही. आतेने एकदा पालखीकडे बघितलं आणि मग उघड्या दारातून पडवीतल्या त्या रिकाम्या फ्रेमीकडे. तोंडावरचं तेज भर्रकन उतरलं.

"ऱ्हांव दे दीपक," ती म्हणाली. "तू धडपडलास ते पुरे झाला. माज्या नशिबात नाय."

शेणात उभा राहिलो तेव्हा लाज वाटली नव्हती, ती आता वाटली. सदूला आणि आतेला, दोघांनाही शब्द दिला होता मी!

तेवढ्यात घरातून शमिका आली. एका हातात माझा रुपेरी कॅमेरा, दुसऱ्या हातात आतेच्या सेल काढलेल्या रेडिओचं मागचं झाकण.

"अहो, बाजूला व्हा जरा."

"अगं, तो? तो एकतीस मार्कांचा आहे! कावळा आठव!"

"आठवतोय म्हणूनच," ती म्हणाली आणि रामाभाऊंकडे वळली. "भाऊ, पालखी दोन मिनिटं थांबवाल काय? आतेच्या मागे उभी राहिली तर बरं."

रामाभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. "देव कुनासाटी थांबत नाय, सूनबाय." मग त्यांनी आतेच्या तोंडाकडे बघितलं. "पर तुळसावैनीसाटी थांबंल. टेका रं खांदे!"

शमिकाने आतेला पालखीसमोर उभं केलं. मी बाजूला होत होत पालखीच्या मागच्या कोपऱ्याला जाऊन उभा राहिलो. आणि मग तिने जे करायचं नाही तेच सगळं केलं! कॅमेरा सरळ आतेच्या तोंडासमोर धरला आणि मोठ्याने म्हणाली, "आते, फोटो काढतेय हां! इकडे बघा. एक... दोन... तीन!"

आतेने डोळे गच्च मिटले. शमिकाने बटण दाबलं.

मी कपाळावर हात मारून घेतला. झालं, वाट लागली! कॅमेऱ्याचा आवाज नाही, उजेड नाही, काही नाही. चाळीस माणसं गप्प उभी. आते डोळे मिटून थांबली. काहीच होईना तेव्हा तिला वाटलं, झाला. तिने डोळे उघडले, दोन्ही, चांगले टपोरे उघडले, आणि शमिकाकडे सरळ बघून विचारलं, "झाला काय गो?"

टिक.

"आत्ता झाला!" शमिका म्हणाली.

पडद्यावर आम्ही सगळे तुटून पडलो. तुळसाआते! मागे पालखी, गोंडे, गुलाल, पुढे आते, हिरवी नऊवारी, नथ, प्रश्न विचारताना किंचित उघडलेलं तोंड आणि दोन डोळे. दोन! उघडे! आयुष्यातले पहिले!

आतेने तो एवढासा पडदा दोन्ही हातांत धरला, तोंडाजवळ नेला. मग म्हणाली, "माजं डोळं आयेसारकं हाईत. मना म्हायतीच नव्हता." आणि त्याच डोळ्यांना पदर लावला. सदू तर ढसाढसा रडला. रामाभाऊंनी कुणी न सांगता एक जादा गाऱ्हाणं घातलं, ढोलवाल्याने ढोल बडवला, भोयांनी पालखी अशी नाचवली की धुरळा माडापर्यंत गेला!

मी शमिकाला बाजूला घेतलं. "तुला कसं सुचलं?"

"तुमच्या तक्त्यात होतं की! कावळा बसलेला असताना दाबलं की उडाल्यावरचा फोटो येतो. मग डोळे मिटताना दाबलं की उघडल्यावरचा येणारच ना?"

"म्हणजे शेवटी तक्ता माझाच!" मी म्हणालो. ती माझ्याकडे, म्हणजे माझ्या तोंडावरच्या शेणाकडे बघून नुसती हसली. लाल कॅमेऱ्यात बॅटरी असती तर एक उत्तम फोटो निघाला असता.

रत्नागिरीत येऊन फोटो मोठा करून घेतला. तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक म्हणजे उजव्या कोपऱ्यात खाली नारिंगी आकड्यांत तारीख उमटली होती, एक जानेवारी दोन हजार सात! सेल काढले की हा तारीख विसरतो, हे मीच तक्त्यात लिहिलं होतं. स्टुडिओवाला म्हणाला, पुसून देतो. मी आतेला फोन करून विचारलं.

"कंचं साल म्हनलास?" तिकडून आवाज आला.

"दोन हजार सात."

मग आते म्हणाली, "तवा तुजं मामा व्हतं रं. पुसू नुको. ऱ्हांव दे तसाच."

राहू दिली. दुसरी गोष्ट मात्र मी पुसून घेतली असती, पण आतेने तीही पुसू दिली नाही. पाडव्याला फोटो फ्रेमीत बसवला, मामांच्या शेजारी टांगला, आतेने स्वतः फडक्याने पुसला. तक्ताही मी सुधारला. रुपेरीला शंभरपैकी शंभर दिले, खाली सही ठोकली आणि शमिकाने मागितली म्हणून तिचीही सही घेतली.

आता आतेकडे जो येतो तो आधी भिंतीपाशी जातो. फोटो बघतो, वाहवा करतो, डोळे किती सुंदर आलेत म्हणतो. आते ताठ उभी राहून ऐकते. मग बघणाऱ्याची नजर डाव्या कोपऱ्यात जाते. तिथे, पालखीच्या मागे, तोंडाला शेण फासलेला एक माणूस कपाळावर हात मारून, डोळे गच्च मिटून उभा आहे.

"आनि हा कोन वो, डोळं मिटल्याला?"

"तो व्हय?" आते कौतुकाने सांगते. "तो आमचा दीपक. क्यामेऱ्यातला लय कळतं त्याला!"